उरलेल्या भाजीचा रकाना

फॉर्म भरायला गेलं की माहिती फॉर्मवर येते आणि किस्से वहीच्या मागच्या पानांवर साचतात. माझ्या आत्याच्या वहीची मागची पानं केव्हाच भरली!

आत्या एका संस्थेत काम करते. चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीच्या पुढे एका गावात बायका दर रविवारी आपल्या शेतातली भाजी विकतात. त्याचा गावाला खरंच फायदा होतो का, हे तिला तपासायचं होतं. जागा पंचायतीची. फायदा दिसला नाही तर तिथे गोडाऊन होणार होतं. आत्या पुण्याहून नुकतीच आलेली, तिला तमिळ येत नाही. म्हणून दुभाषी मी. अनोळखी माणसांशी बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो, पण मी चेन्नईतच, एग्मोरला वाढले, त्यामुळे सुटका नव्हती.

*

बाजारातल्या वयाने सगळ्यात मोठ्या कामाक्षी पाटी. पाटी म्हणजे आजी. सगळं गाव त्यांना तेच म्हणतं. मी हळू आवाजात पहिला प्रश्न वाचला, "या बाजारामुळे तुमच्या जीवनमानात काय बदल झाला?"

"कण्णू, बाळा, तू जेवून आलीस का?"

मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्या हातातला फॉर्म मिटला आणि आम्हा दोघींपुढे इडल्या ठेवल्या. "उपाशी पोरीच्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही!"

*

सेल्वी अक्का वांगी विकतात. त्यांना विचारलं, "धंद्यात तुमची स्पर्धा कोणाशी?"

अक्कांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, खूप विचार केला.

"शेजारच्या मुरुगेसनच्या शेळीशी!"

आत्याने ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

*

फॉर्मवर एक प्रश्न होता: उरलेल्या भाजीचं काय करता? रकाने तीन. फेकतो, स्वस्तात विकतो, परत नेतो. प्रत्येक बाई म्हणाली, "उरत नाही."

"थापा!" आत्या माझ्या कानात म्हणाली. "टोपल्या बघ की, अर्ध्या भरलेल्या आहेत."

म्हणून आम्ही बाजार उठेपर्यंत थांबलो. शेवटचं गिऱ्हाईक गेलं आणि बायका एकमेकींकडे वळल्या. अक्कांची वांगी पाटींच्या टोपलीत, पाटींचा शेवग्याचा पाला अक्कांच्या टोपलीत. दहा मिनिटांत प्रत्येकीकडे दुसरीची भाजी!

"वजन नाही करत?" आत्याने मला विचारायला लावलं.

पाटी आत्याला म्हणाल्या, "टीचरम्मा, घरच्यांना वाढताना तराजू घेऊन बसता का?"

आत्याने पट्टीने चौथा रकाना आखला.

*

एकदा आम्ही फारच लवकर पोचलो. बाजार मांडण्याआधी बायका एका घरासमोर थांबत होत्या आणि उंबऱ्यावर मूठमूठ भाजी ठेवून पुढे जात होत्या. आत लक्ष्मी नावाची बाळंतीण होती.

"हा नियम कोणी केला?" मी विचारलं.

"नियम कसला?" अक्का म्हणाल्या. "तिला बाजारात येता येत नाही, म्हणून बाजार तिच्याकडे जातो."

परतीच्या गाडीत आत्या चेन्नई येईपर्यंत वहीच्या मागच्या पानांवर लिहीत होती.

*

शेवटच्या रविवारी पंचायतीचे साहेब आले. जागेचा निर्णय त्यांच्या हातात. साहेब तमिळच, त्यामुळे मी मागे उभी राहून फक्त आत्याच्या कानात सांगत होते. त्यांनी आमचे फॉर्म चाळले आणि मान हलवली.

"हा चौथा रकाना छापील नाही, मी धरू शकत नाही. फायदा दिसला पाहिजे."

आत्याचा चेहरा उतरला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"बघायचाय?" पाटी उठल्या. "या."

त्या थेट समोरच्या घरात शिरल्या. घरात कोणी नव्हतं. त्यांनी चुलीवरच्या भांड्यावरचं झाकण उचललं. "वांगी सेल्वीची. पाला माझा. चिंच पलीकडच्या वळ्ळीची." मग दुसरं घर, दुसरं झाकण. "दुधी लक्ष्मीच्या सासूचा. मिरची माझी." साहेब घड्याळ बघत मागोमाग. तिसऱ्या घरी त्यांनी घड्याळ पाहिलं नाही.

चौथ्या घरी साहेबांनी चपला बाहेर काढल्या आणि झाकण स्वतःच उचललं.

आम्ही बाहेर वाट बघत राहिलो. बराच वेळ झाला. शेवटी आत्या फॉर्म आणि पेन घेऊन दारात गेली. साहेब पाटावर बसले होते, पुढ्यात केळीचं पान.

"तुम्हीच लिहा, मॅडम," ते म्हणाले. "जागा बाजारालाच. माझा हात खरकटा आहे!"