पस्तीसच्या आतला सीए

आता तुमच्यापासून काय लपवायचं? माझ्याइतकी शिकलेली आणि माझ्याइतकी घाबरट मुलगी अख्ख्या कोल्हापुरात दुसरी नसेल. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते. अशा मुलीच्या मोबाइलवर कॅन्सरचा रिपोर्ट पाठवतात का कुणी?

रिपोर्ट माझ्या आत्तीचा, म्हणजे वडिलांच्या बहिणीचा. अंडाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाल्या, गेलेले केसही बोटभर परत आले. आता दर तीन महिन्यांनी रक्तातला मार्कर तपासायचा. तो वाढला, तर दुखणं परत डोकं वर काढतंय का ते डॉक्टर बघतात. एरवी रिपोर्ट तिचा मुलगा बघतो, आमचा दादा. यावेळी तो कामासाठी बाहेरगावी, म्हणून गडमुडशिंगीला तिच्या सोबतीला मी!

सकाळी रिपोर्ट आला; दुपारी तो घेऊन डॉक्टरांकडे जायचं होतं. अक्षरं मुंगीएवढी, म्हणून बोटांनी मोठी केली. डावीकडे ठळक: सीए १२५. त्याखाली बारीक: पस्तीसच्या आत असावा.

अहो, पस्तीस कुठं आणि एकशे पंचवीस कुठं! मागच्या दारात जाऊन दादाला व्हॉइस मेसेज केला, "दादा, सीए आलाय रे! पस्तीसच्या आत पाहिजे होता!" आणि पुढं नुसता हुंदका.

"कुठला सीए गं?"

मागं आत्ती! पिठाचे हात तसेच.

"कु... कुणी नाही."

"आगं, सीए आलाय म्हणून रडतीस व्हय? पस्तिशीच्या फुडं गेलाय काय?"

"खूप पुढं गेलाय, आत्ती." मी बापडी खरं तेच बोलले.

"जाऊ दे की! टक्कल हाय?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ती स्थळाबद्दल बोलत होती! आता खरं सांगायचं, तर कॅन्सर परत आल्याचं सांगावं लागणार. त्यापेक्षा मी मान हलवली. झालं! पाच मिनिटांत शेजारच्या काकी कुंपणावरून हजर.

"पावणं कुठलं म्हणायचं?"

"पुण्याचं," मी म्हणाले. दुसरं काय करू? आत्ती इतकी खूश होती, की दवाखान्यातनं येताना मला साडी घ्यायची ठरवून मोकळी. एसटीत तिनं साडीचा रंग ठरवला आणि मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होते.

डॉक्टरांसमोर ती बसायच्या आत मी फुटले. "डॉक्टर, एकशे पंचवीस आलंय!"

त्यांनी माझा मोबाइल घेतला आणि रिपोर्ट बोटानं सरकवला. "अहो, सीए एकशे पंचवीस हे तपासणीचं नाव आहे. आकडा इकडं, उजवीकडं. चौदा. मागच्या वेळी सोळा होता. छान चाललंय."

आत्ती माझ्याकडे बघतच राहिली. "म्हंजे सकाळधरनं तू माझ्यापायी रडत हुतीस? आन त्यो पुण्याचा?"

"कुणीच नाही, आत्ती."

तिनं माझा हात घट्ट धरला. आणि मला घेरी आली.

डोळे उघडले तर मी बाहेरच्या बाकावर आडवी, डोकं आत्तीच्या मांडीवर, आणि आत्ती स्वतःच्याच फाइलीनं मला वारा घालतेय. समोरच्या बाकावरच्या एक बाई हळहळल्या, "एवढ्या कवळ्या वयात! काय झालंय ओ पोरीला?"

"हिला व्हय?" आत्ती अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एम्ये झालीया. वाचाय येत न्हाय!"