दस्ता कोणी मोडला

बाबा आणि मी एका घरात राहून वर्षभर एकमेकांशी धड बोललो नाही. कारण आजोबांची रायफल. एका वेळी एकच गोळी मावणारी, शंभरेक वर्षांची, आणि आमच्यापैकी कुणीही कधी न चालवलेली. खंडेनवमीची पूजा झाल्यावर मी ती पाटावरून उचलून कपाटात ठेवायला गेले आणि खांद्याला टेकतो तो लाकडी दस्ता बारीक जागी मोडून माझ्या हातात आला. नळी पाटावर पडली. बाबांनी आवाज ऐकला, वळून पाहिलं आणि निकाल देऊन टाकला, मीच आदळली म्हणून. तुकडे त्यांनी जुन्या धोतरात गुंडाळून स्वतःच्या ट्रंकेत ठेवले आणि मला हात लावू दिला नाही.

मी ती आदळली नव्हती. हे मी त्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं, दिवाळीच्या चकल्या तळतानाही सांगितलं. बाबा मात्र दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या आमच्या ब्लॉकमध्ये जिन्यात भेटेल त्याला, तमिळ असो की बंगाली, हिंदीत सांगत सुटले की पिताजींची निशाणी मुलीने तोडली. सरकारी क्वार्टर माझ्या नोकरीचं, बाबांच्या औषधाच्या गोळ्या मी आणायच्या, आणि बदनामीही माझीच. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

दादा दिल्लीतच, द्वारका भागात स्वतःच्या फ्लॅटमध्ये. महिन्यातून एकदा येई, जेवे, ‘जाऊ दे ना यार’ म्हणे आणि निघून जाई. रायफल त्याच्या नावावर करायची हे बाबांचं पक्कं होतं. त्यासाठी दुसऱ्या वारसाची, म्हणजे माझी, हरकत नसल्याची सही लागते. तो कागद टाइप होऊन फ्रीजवर येऊन पडला. मी म्हटलं, सही करते, पण आधी दादाला माझ्यासमोर सांगा की दस्ता मी मोडला नाही. बाबा म्हणाले, आधी दुसरा दस्ता शोध.

शोधला. जुन्या दिल्लीतल्या तीन बंदूकवाल्यांनी हसून वाटेला लावलं. चौथा अक्रोडाच्या लाकडातून नवा कोरून द्यायला तयार होता, पण बाबांना नवं लाकूड नको, त्याच बनावटीचं जुनं हवं. शेवटी एका म्हाताऱ्या कारागिराने माळ्यावरच्या पोत्यातून एक दस्ता काढला. तशाच एका रायफलीची नळी निकामी झाली होती आणि लाकूड तेवढं उरलं होतं. लायसन्स बाबांचं, तेव्हा एका शनिवारी रायफल घेऊन आम्हा दोघांना जावं लागलं. रिक्षात आम्ही दोन बाजूंना तोंडं करून बसलो होतो.

कारागिराने आधी आमचे तुकडे मागितले. धोतर सोडलं, मोडलेल्या जागेवर अंगठा दाबला, तर लाकडाचा काळा भुगा त्याच्या तळहातावर पडला. “इस लकड़ी को पानी किसने पिलाया?” त्याने विचारलं.

मी बाबांकडे पाहिलं. अख्ख्या महाराष्ट्रात खंडेनवमीला शस्त्रांना हळदकुंकू लावतात, झेंडू वाहतात, झालं. बाबा लहानपणीच दिल्लीला आलेले, त्यांना घरची पूजा अर्धवट आठवत होती. त्यांनी रायफलीला देवघरातल्या देवांसारखं मानून दरवर्षी ताम्हनात आडवी धरून पंचामृताचा अभिषेक केला, वरून पळी पळी पाणी. शेजाऱ्यांना मुद्दाम बोलावून दाखवायचे. ते पाणी लोखंड आणि लाकूड यांच्या फटीत चाळीस वर्षं मुरलं होतं.

“बेटी संभालती थी,” बाबा म्हणाले.

परक्या माणसासमोर बापाची शोभा करायची नाही, हे वळण मला त्यांनीच लावलेलं. परतताना रिक्षात विचारलं, खोटं का बोललात? ते बाहेर बघत म्हणाले, “मग तू बोलायचंस. तुझं तोंड कुणी शिवलं नव्हतं.” त्या क्षणी मला त्यांचा तिरस्कार वाटला. तो शब्द मी विचार करून वापरते आहे.

पुढचे चार शनिवार आम्ही त्या दुकानात काढले. कारागीर नळीच्या खालच्या अंगाला दिव्याची काजळी फासायचा, ती लाकडाच्या खाचेत दाबून बसवायचा आणि पुन्हा उचलायचा. जिथे काळा डाग उमटला तिथे लाकूड अडतंय. तेवढंच पटाशीने खरवडायचं, पुन्हा काजळी, पुन्हा दाब. घाई केली तर खाच ढिली होते आणि मग काही इलाज नाही, असं तो सांगायचा. बाबा स्टुलावर बसून पहारा देत, जुनी नळी बदलून दुसरी लावतील म्हणून. चौथ्या शनिवारी सगळीकडे सारखा डाग उमटला, स्क्रू घट्ट बसले, आणि रायफल पुन्हा अखंड झाली. बाबांचे डोळे भरून आले. मला काहीच वाटलं नाही.

घरी आल्यावर मी कागद आणि पेन टेबलावर ठेवलं. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांनी स्पीकर लावून दादाला फोन केला. बराच वेळ खाकरत राहिले. मग म्हणाले, “अरे, तो दस्ता. हिच्या हातून नाही मोडला. माझ्या पाण्याने आतून सडला होता.”

मी पेनाचं टोपण काढलं. वर्षभर ज्या वाक्यासाठी भांडले ते मिळालं होतं.

“अहो बाबा, हे तुम्ही मला त्याच रात्री सांगितलं होतंत की,” दादा म्हणाला. “लाकूड आतून काळं पडलंय म्हणून. आता परत कशाला? तिने सही केली का?”

बाबांनी माझ्याकडे न बघता फोन बंद केला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, झालं ना तुझ्या मनासारखं, कर आता. त्यांनी तुकडे ट्रंकेत का कोंडले होते ते मला तेव्हा कळलं. मी इतके दिवस समजत होते की बाबांना दुकानात जाईपर्यंत माहीत नव्हतं, दादाला अजूनही माहीत नाही, आणि मला फक्त त्यांना पटवायचं आहे. दोघांनाही पहिल्या रात्रीपासून माहीत होतं. दादा माझ्या हातचं जेवून मला ‘जाऊ दे’ म्हणत होता.

मी टोपण लावलं आणि नाही म्हटलं.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. वारसांची सही होईपर्यंत रायफल पोलिस ठाण्यात जमा आहे. दादा दर दसऱ्याला फोन करून विचारतो, अजून किती ताणणार आहेस. मी अजून सही केलेली नाही.