बेसिनखालचा नट

काल संध्याकाळपर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. आमचं तसं बरं चाललंय. डोंगरकडा गावात केळीची बाग आहे, दादा-वहिनी आणि आम्ही एकाच घरात सुखात राहतो. मग जुनं काहून उकरायचं? सांगतो.

घर नवं होतं, माझं लग्न व्हायचं होतं, तेव्हाची गोष्ट. न्हाणीतल्या बेसिनचा नळ ठिबकायचा. मिस्त्री बोलावू, असं दादा म्हणत होता. मीच हट्टानं नवा नळ आणि त्याच्या खालचा पाईप घेऊन आलो. जुना काढला, नवा बसवला. पाईपचा प्लास्टिकचा नट हातानंच घट्ट झाला होता. तिथं थांबायचं ना? पण मी पाना लावून आणखी आवळला — आणि कट्कन बारीक आवाज आला.

चाचपून पाहिलं. नटाला चीर.

मागं दादा उभा होता. "बराबर बसवलास गड्या," म्हणाला. मी पाणी सोडलं. गळलं नाही. मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं भाऊ बागेत, घरात वहिनी एकट्या. नळ वापरून त्या परसात धुणं धुवायला गेल्या आणि इकडं नट फुटला. शेजारच्या खोलीत पेरणीसाठी राखलेलं सोयाबीनचं बियाणं होतं. पोती खालून भिजली. बियाणं गेलं.

आम्ही आलो तेव्हा वहिनी फरशी पुसत होत्या. हे कसं झालं, दादानं विचारलं. आणि मी काय म्हणालो असेन?

"वहिनींनी नळ जोरात पिळला असंल."

त्यांच्यासमोर म्हणालो. आई गेल्यावर ज्यांनी मला जेवू घातलं, त्यांच्या समोर. वहिनींनी आपल्या हाताकडं पाहिलं. "आसंल," म्हणाल्या, "माझा हात जडच हाय."

त्यानंतर दादा त्यांच्याशी बोलेनासा झाला. वहिनी आम्हा दोघा भावांना वाढायच्या, आणि मी — मी रोज पोटभर जेवायचो.

काल तो नळ पुन्हा बदलला. पाईपही नवा घातला, या वेळी हलक्या हातानं. पाणी सोडून खाली हात फिरवला, सगळं कोरडं. छान वाटलं. संध्याकाळी जेवताना दादा गमतीनं म्हणाला, "आता तुझ्या वहिनीला हात लावू देऊ नको." वहिनीही हसल्या.

मी ताट बाजूला सरकवलं. मी सांगितलं. चिरीसकट सगळं.

दादाचा हात ताटातच राहिला. "मी किती दिवस बोललो न्हाई तुझ्याशी," तो वहिनींना म्हणाला.

"पेरणी होईस्तोवर," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, अगदी शांतपणे — "भावजी, मला तर आजवर वाटत व्हतं, म्याच तोडला."

काहून केलं, ते त्यांनी विचारलं नाही. मी भ्यालो होतो. दुसरं काही नव्हतं.