डावीकडली की उजवीकडली

लातुरातल्या क्लासांचे लोगो सगळे एका माळेचे मणी: रॉकेट, मशाल, स्टेथोस्कोप. ते कॉम्प्युटरवर हलवून दाखवायचं काम मी करते. म्हणजे जुना लोगो बदलत बदलत त्यातूनच नवा तयार होताना दिसला पाहिजे. लोकांना वाटतं, बटण दाबलं की झालं. तसं असतं तर मी कशाला हवी होते?

गेल्या वर्षी एका जुन्या क्लासचे सर आले. भूकंपाच्या वर्षी, उन्हाळ्यात, त्यांनी एका पत्र्याच्या खोलीत क्लास सुरू केला होता. आता नांदेडलाही शाखा आहे. तो पहिला बोर्ड माझ्या आप्पांनी रंगवलेला. आप्पा पेंटर. बोर्डावर एकाच पुस्तकावर वाकलेल्या दोन मुली होत्या, तोच पुढे लोगो झाला. नव्या लोगोत मात्र एकच मुलगी होती, अंगात डॉक्टरचा कोट घातलेली.

"जुन्यातूनच नवी निघाली पाहिजे, मॅडम," सर म्हणाले. "एक ठेवा, दुसरीला काढून टाका."

त्या दोघी म्हणजे माझी मोठी बहीण आणि मी, असंच मी धरून चालले होते. कोणती कोण, यावरून अक्काची आणि माझी रोज भांडणं व्हायची. डावीकडलीचं नाक सरळ होतं, म्हणून दोघींनाही तीच हवी असायची. आप्पांना विचारलं तर ते नुसते हसायचे.

बोर्ड लागला त्याच वर्षी गणपतीत अक्का आत्याकडे गेली, किल्लारीच्या बाजूला. मला नेलं नाही म्हणून निघताना मी तिच्याशी बोललेही नाही. विसर्जनानंतरच्या पहाटे भूकंप झाला आणि आत्याचं दगडमातीचं घर बसलं. आप्पा तिकडे गेले ते चार दिवसांनी परतले. आईला एवढंच म्हणाले, "मीच काढली तिला. माझ्या हातानं."

मी सात वर्षांची. मला वाटलं, बोर्डावरच्या चित्राबद्दल बोलताहेत. मी विचारलं, "डावीकडली का?" आईनं माझ्या थोबाडीत दिली. त्यानंतर घरात तो विषय कुणी काढला नाही.

आता तो कामात आला. एका आकाराचा दुसरा करायचा तर दोन्हींच्या कडेवर सारखेच बिंदू लागतात, आणि पहिल्या बिंदूला पहिलाच भेटावा लागतो. नाहीतर आकार मधेच पिळवटतो. ज्या आकाराला जोडीच नाही, त्याला ठिपक्याएवढा करून मागे दडवायचं, ही सर्रास रीत. मी कितीदा केलंय. या वेळी डावीकडली आकसवून पाहिली. तिची मान आत गेली, पाठ बसली, तिचा ढिगारा झाला, मग ठिपका. उजवीकडलीचंही तेच. मी घाबरले. लॅपटॉप मिटून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

शेवटी लॅपटॉप आप्पांपुढे ठेवला. त्यांचा हात आता थरथरतो, पण नजर शाबूत आहे.

"आप्पा, यातली अक्का कोणती? तिला मिटवायचं नाही मला."

त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं, आधी एकीवर, मग दुसरीवर. "दोन्ही तीच हाय," ते म्हणाले. "तू एका जागी बसत व्हतीस का? लई चुळबुळ. मग तिलाच दोनदा बसवली. एकदा हिकडून, एकदा तिकडून."

"मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"तू रडली असतीस. आन् मागून सांगायजोगं काय राह्यलंच न्हाई."

तीस वर्षं त्या बोर्डाखालून जाताना मी मान वर करून बघायचे, दोघी जागेवर आहेत ना म्हणून. त्यात मी नव्हतेच. आत्याच्या घरातही नव्हते. दोन्हीकडे तीच, म्हणून मला त्या दिवशी अक्काचा राग आला, आणि त्या रागाची लाज वाटली.

मग मी नव्या मुलीचेच उभे दोन भाग केले. दोन्हींना बिंदू मोजून दिले. डावीकडली डाव्या भागात जाते, उजवीकडली उजव्या. दोघी मिळून ती एक उभी राहते; कुणी आकसत नाही, कुणी दडत नाही. सरांना ते आवडलं.

आप्पांनी ते तीनदा लावायला सांगितलं. मग खिशातली पेन्सिल काढली आणि कॅलेंडरचं मागचं पान फाडून मांडीवर घेतलं.

"तुला काढायचं राहूनच गेलं," ते म्हणाले. "बस हितं. हलू नको."

मी हलले नाही.