क्रेनची पाठ

खरं सांगा, एखाद्या बाईचा दंड तुमच्या दंडापेक्षा मोठा दिसला तर तुम्ही आधी काय करता? हसता, की नजर फिरवता? तिसरं काही फार थोड्यांना जमतं. तुमचं उत्तर तुमच्यापाशीच राहू द्या. आधी या बाईची गोष्ट ऐका, मग काय ते ठरवा.

तिला वॉर्डात सगळे क्रेन म्हणायचे. मोठ्या रुग्णालयात आयाची नोकरी. अंग हलवता न येणाऱ्या माणसांना कुशीवर वळवायचं, स्ट्रेचरवरून खाटेवर घ्यायचं, खाटेवरून चाकाच्या खुर्चीत बसवायचं, हे तिचं रोजचं काम. जो पेशंट उचलताना दोन वॉर्डबॉय मिळून देवाचा धावा करायचे, त्याच्यासाठी हाक जायची, "अरे, क्रेनला बोलवा." ती यायची, पदर खोचायची आणि आधी पेशंटच्या कानाशी वाकून सांगायची, "बाबा, उचलते हं आता. माझ्या गळ्याला धरा. लाजू नका, सुनेनं उचललं समजा." मग बाबा वर. चादरीला सुरकुती नाही.

पण देहच तो, लोखंड नव्हे. एकदा असाच एक जडशीळ गृहस्थ मध्येच घाबरून तिला लटकला आणि तिच्या कमरेत उसण भरली. व्यायामोपचाराच्या खोलीतली बाई म्हणाली, "गोळ्या किती दिवस खाणार? पाठ मजबूत कर." आणि तिला एका जिमचा पत्ता दिला.

टायरच्या दुकानाखालचं तळघर होतं ते. वरून रबराचा वास, खालून घामाचा. चाळिशी ओलांडलेली बाई जिना उतरून आली तेव्हा आरशासमोरचा एक पोरगेला गडी म्हणाला, "मावशी, झाडू त्या कोपऱ्यात आहे."

तिच्या नाकावर राग कायमच बसलेला. ती म्हणाली, "आधी तू ती वजनांची दांडी वर घे. खाली जो कचरा पडेल तो मी झाडते."

तळघर हसलं. तिथले सर, म्हणजे एकेकाळी शरीरसौष्ठव स्पर्धेत स्वतः स्टेजवर उभा राहिलेला आणि आता गुडघ्याला पट्टा बांधून फिरणारा माणूस, तेही हसले. काही महिन्यांनी ते हसायचे थांबले. ती मशीनची केबल ओढत होती, सर मागे उभे होते. म्हणाले, "ही पाठ मशीनवर झालेली नाही. कुठून आणलीस?"

"वॉर्डातून," ती म्हणाली.

तिथून ते वेड लागलं. स्पर्धेत उतरायचं खूळ सरांनीच डोक्यात घातलं, पण पुढे सर थकले तरी ती थकेना. त्यात हाडांच्या डॉक्टरनं तिचा गुडघा दाबून पाहिला आणि सांगून टाकलं, जड वजनं फार तर या वर्षी, पुढे नाही. म्हणजे स्टेज मिळणार तो एकदाच.

"एवढ्या एका दिवसासाठी वर्षभर जीव काढणार?" सरांनी विचारलं.

"सर, वॉर्डात सगळे माझ्याकडे बघतात ते हातात भांडं कुठलं आहे ते बघायला," ती म्हणाली. "सिस्टर चादर बघतात. नातेवाईक पेशंट बघतात. मला एकदा उजेडात उभं राहायचंय. कुणीतरी खुर्चीवर बसून, सवडीनं, मला नीट बघावं. नंबर पहिला देवोत नाही तर शेवटचा."

लोकांना वाटतं ही आरशाची हौस. अहो, आरशाइतका खोटारडा या खेळात दुसरा कुणी नाही. पोट रिकामं असलं की सकाळी तो सांगतो, वाघीण आहेस. संध्याकाळी तोच सांगतो, पाण्यानं भरलेली पिशवी आहेस. दोन्ही ऐकायचं नसतं. ठरलेलं खायचं, ठरलेलं उचलायचं आणि झोपायचं. क्रेन चादरींच्या खोलीत उभ्या उभ्या उकडलेलं चिकन खायची, मीठ नाही, तिखट नाही. बाहेर कुणा डॉक्टरचा वाढदिवस. केकचा वास दाराच्या फटीतून आत यायचा आणि ती फटीला पाठ करून चावत राहायची. जीभ मागते ते द्यायचं नाही, आणि पोटात कावळे कोकलत असताना पेशंटवर खेकसायचंही नाही. वजन उचलण्यापेक्षा हे दुसरं जड. ते करून बघा एकदा, मग हसा.

घरी दोन खोल्या आणि सासू. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. माहेरी परत जा म्हणणारे पुष्कळ होते, पण ही गेली नाही आणि म्हातारीनंही जा म्हटलं नाही. दोघींचं जमायचं म्हणजे रोज वाजायचं. सासूची सगळी हयात चपला-बुटांच्या कारखान्यात चामडं रंगवण्यात गेलेली. नखांच्या कडांना तपकिरी रंग असा मुरलेला की कितीही घासा, जात नव्हता.

"मुलगा गेला, आता सून दगड होत चाललीय," सासू शेजारणींना सांगायची. आणि आत येऊन अंडी उकडायला ठेवायची.

संध्याकाळी क्रेन पोज द्यायची तालीम करायची. अंगातला एकेक स्नायू आवळून धरायचा, श्वास दाबायचा आणि वर हसायचं. पाय थरथरत असतात, पोटरीत गोळा येत असतो, चेहरा मात्र फिरायला निघाल्यासारखा पाहिजे. सासू खाटेवर मटार सोलत बघायची.

"तोंड बघ. दाढ उपटायला आल्यासारखं."

"मग कसं हसू?"

"लग्नात हसली होतीस तसं हस."

"तेव्हा हसले नव्हते आई, पायातला बूट चावत होता."

"तो आमच्याच कारखान्यातला होता," म्हातारी म्हणायची आणि दोघी खुदखुदत बसायच्या.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी अंगाला रंग लावतात. स्टेजवरच्या दिव्यांत साधी कातडी पांढुरकी पडते, स्नायूंच्या रेघा दिसत नाहीत. म्हणून स्पंजनं गडद तपकिरी थर चढवायचा, सकाळी वर आणखी एक. स्वतःच्या पाठीला स्वतःचा हात पोचत नाही, तेव्हा हे काम सासूकडे आलं. सर मुद्दाम समजवायला घरी आले.

"आजी, रंग एकसारखा बसला पाहिजे. डाग नकोत. आधी अंग..."

"रंगाचं तू मला शिकवतोस?" सासू म्हणाली. "तुझ्या जन्माआधीपासून रंगवतेय."

सर चहा पिऊन गुपचूप गेले. त्यांच्या तोंडातलं ते अर्धं वाक्य तिथंच राहिलं.

त्या दुपारी क्रेन पालथी पडून झोपली होती. स्नायू उठून दिसावेत म्हणून पाणी तोडलेलं, अंगात त्राण नाही. सासू उशाशी येऊन बसली. सुनेची पाठ तिनं एवढ्या जवळून कधी बघितली नव्हती. उपासानं कातडी कागदासारखी झालेली, कोपरांना भेगा, खांद्याजवळ खवले सुटलेले. म्हातारीला तिचा धंदा आठवला. कोरडं चामडं रंग नीट पीत नाही, कुठे जास्त ओढतं, कुठे कमी. कारखान्यात ती आधी हलकं तेल पाजायची, मुरू द्यायची, फडक्यानं टिपायची आणि मग रंग. तिनं तसंच केलं. तळहातावर तेल चोळून ऊन केलं आणि सुनेच्या मानेपासून पोटऱ्यांपर्यंत हळूहळू जिरवलं. फडक्यानं टिपलं. क्रेनला झोपेत हात कळला. तेल कळलं नाही. किती वर्षांनी कुणीतरी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतं. तिनं डोळे उघडले नाहीत, उघडले असते तर तो हात थांबला असता.

संध्याकाळी रंग चढला तो असा की सासू चार पावलं मागे जाऊन आपल्याच कामाकडे बघत राहिली.

सकाळी सभागृहाच्या मागच्या खोलीत सगळं फुटलं. तिथे कुणी पाय भिंतीला टेकवून पडलेलं, कुणी रबरी पट्टा ओढून स्नायूंत रक्त आणतंय, कुणी बोटानं मध चाटतंय. उकाडा होता. क्रेननं पट्टा ओढायला सुरुवात केली, घाम सुटला आणि पाठीवरचा रंग थेंब थेंब होऊन सरकायला लागला. ओल आलेल्या भिंतीसारखी पाठ झाली. पुढची बाजू तेवढी शाबूत, तिथे तेल लागलंच नव्हतं.

सरांनी बोट फिरवून पाहिलं. बोट चकाकलं.

"तेल?" त्यांचा आवाज चढला. "तेल कुणी लावलं?"

क्रेनला त्याच क्षणी कळलं. घरात हात दोघींचेच. वर्षभराची भूक एकदम डोक्यात चढली. जिभेवर असा शब्द आला होता, जो एकदा सुटला असता तर त्या दोन खोल्यांत पुन्हा कधी मटार सोलताना हसू आलं नसतं. सासू पिशवी पोटाशी धरून उभी होती.

"मी लावलं," म्हातारी म्हणाली. "पोरीचं अंग तडकलं होतं. चामड्याला पाजतात तसं पाजलं. मला वाटलं, रंग बसेल."

"आजी, चामडं आणि माणूस एक असतं का? पोरीच्या वर्षाची माती केलीत तुम्ही. अक्कल कुठे..."

"सर." क्रेन वळली. जिभेवरचा राग तिथेच होता, फक्त त्याचं तोंड फिरलं. "आवाज खाली. सासू आहे माझी. त्यांना काय बोलायचं ते मी बोलेन, तुम्ही नाही. तुम्ही साबण आणा."

सर गेले आणि कँटीनमधून भांडी घासायचा साबण घेऊन आले. नळाखाली क्रेन भिंतीला हात टेकून उभी राहिली. "घासा आई. आणि हात हलका नको." सासूनं पाठ घासली, पुसली, कागदानं कोरडी केली. मग एका बाजूनं ती, दुसऱ्या बाजूनं सर, दोघांनी उरलेला रंग स्पंजनं थापला. वेळ नव्हता. बसायचा तेवढा बसला, बाकी डाग राहिले. घासताना म्हातारी रडत होती आणि क्रेनला ते पाठीवर कळत होतं, पण तिनं मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर तीही रडली असती आणि चेहऱ्याचा रंग गेला असता.

"जा पुढे बसा," ती एवढंच म्हणाली. "पाठ कशी दिसते ते मला दिसणार नाही. तुम्ही बघून सांगा."

बायकांचा गट पुकारला गेला. आणि काय झालं सांगू? सभागृह उठलं. गड्यांचे हलक्या वजनाचे गट संपले होते, त्यांचा मोठा गट अजून बाकी होता, मधला हा वेळ लोकांनी चहाचा धरला. खुर्च्या करकरल्या. हौसेनं भाऊ-पुतण्यांना बघायला आलेले बापये पाय मोकळे करायला निघाले.

स्टेजवर क्रेन समोरून उभी राहिली, दंड वळवले, बाजूनं वळली. हसली, खरंच हसली. मग परीक्षकांनी सांगितलं, मागे वळा. तिनं लोकांकडे पाठ केली, टाचा रोवल्या आणि जन्मभर माणसं उचलून कमावलेलं सगळं उघडून धरलं. आता तिला फक्त मागचा काळा पडदा दिसत होता. कानांवर येत होत्या त्या खुर्च्या. जिच्यासाठी मीठ सोडलं ती घटका आली होती, आणि लोक दाराकडे चालले होते.

तेवढ्यात ओळखीचा आवाज आला.

"बसा खाली."

सासू पुढच्या रांगेत उभी राहिली होती, लोकांकडे तोंड करून.

"आजी, आलोच लगेच," कुणीतरी म्हणालं.

"लगेच येशील तोवर पाठ झालेली असेल. माझी सून आहे ती. बस."

"चहा गार होईल ना."

"गार पी. तुझा बाप त्या दवाखान्यात पडला तर हीच उचलणार आहे त्याला. बस म्हणते ना."

कुणी हसलं, कुणी ओशाळलं. पण बसले. एकामागून एक खुर्च्या खाली आल्याचा आवाज क्रेननं पडद्याकडे बघत ऐकला. मग सगळं शांत झालं. अशी शांतता तिच्या पाठीमागे आधी कधी झाली नव्हती. तिचे पाय थरथरत होते. परीक्षकांनी पुरे म्हणेपर्यंत तिनं पोज सोडली नाही, आणि त्यांनी पुरे म्हणायला जरा उशीरच केला.

नंबर आला नाही. एक परीक्षक नंतर सरांना म्हणाले, पाठ सगळ्यांत सरस होती, रंगानं मार खाल्ला. सरांनी ते क्रेनला सांगितलं आणि सासूला सांगितलं नाही. त्यांनाही शिकायचं ते शिकून झालं होतं.

परतीच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. क्रेन मीठ लावलेला उकडलेला बटाटा खात होती, डोळे मिटून.

"डाग दिसत होते का हो?"

"दिसले. डाव्या खांद्यावरचा माझा. कमरेवरचा तुझ्या सरांचा. त्याला स्पंज धरता येत नाही."

"आणि बाकी?"

"मी एवढी वर्षं तुझ्या हातचं खाल्लं," सासू म्हणाली, "तू एवढी मोठी आहेस हे कुणी सांगितलंच नाही मला."

क्रेननं उरलेला बटाटा तिच्या हातात दिला.

जड वजनं आता बंद आहेत. वॉर्डातलं उचलणं चालू आहे. दुसऱ्या बायका स्टेजवर चढतात तेव्हा या दोघी पुढच्या रांगेत जाऊन बसतात, आणि कोण उठतंय यावर म्हातारीचं बारीक लक्ष असतं. पण प्रत्येक सभागृहात ती पुरी पडायची नाही. म्हणून तुम्हाला सांगणं आहे. बायकांचा गट पुकारला की उठू नका. चहा नंतर घ्या. त्या मागे वळतील, त्यांना तुम्ही दिसणार नाही, फक्त तुमच्या खुर्चीचा आवाज ऐकू जाईल. तेवढा होऊ देऊ नका.