चण्याचं एकीकरण

नवा मध्य प्रदेश झाला त्या वर्षी बुऱ्हाणपूरहून आमच्या फोपनारला एक बियाणेवाले साहेब आले. "सगळे इलाके एक झाले, मग चना दहा जातींचा कशाला?" असं म्हणत त्यांनी गावाचा काळा, लाल, गुलाबी चणा गोळा केला आणि सगळ्यांना एकाच जातीचं टपोरं बी दिलं. मग त्या जुन्या चण्याचा एकेक नमुना माझ्या काकूकडून भाजून घेऊन त्यांचा अभ्यास चालायचा. खिसा कायम फुटाण्यांनी फुगलेला.

पुढच्या हिवाळ्यात मर रोग आला आणि अख्ख्या शिवारातला चणा मोठ्या एकजुटीनं वाळला.

साहेब धावत आले. "मर न लागणारी नवी जात काढायचीय. त्यासाठी जुनं बी लागतं, कुणाकडे उरलंय का?"

"तुम्हालाच तर दिलं सगळं," काकू म्हणाली.

साहेबांनी खिशात हात घातला. चार दाणे निघाले, खमंग भाजलेले.