पुलापाशी गप होणारी राजदूत

"तात्या, गाडी तर चालू हाय. बंद कुठं पडती?"

"पुलापाशीच," बलभीमतात्या म्हणाले. "डांबरी सोडून डावीकडं वस्तीवर वळलो, की गप."

"मग पूल दुरुस्त करून घ्या," असं प्रेमानंदच्या अगदी ओठावर आलं होतं. पण समोर वडीलधारं माणूस. त्यानं पक्कड टेबलावर आपटली आणि राग तिच्यावर काढला.

कळंबच्या बसस्टँडामागं प्रेमानंदचं दुकान. दुचाकीच्या वायरिंगमध्ये त्याचा हात धरणारा तालुक्यात नाही, असं तो स्वतः म्हणत नसे. दुसऱ्यानं म्हटलं तर अडवतही नसे. आणि आता या म्हाताऱ्या राजदूतनं त्याची पार अब्रू काढली होती. पंधरा दिवसांमागं ती नुसती सर्व्हिसिंगला आली होती, तेव्हापासून हे दुखणं सुरू. प्लग झाला, कंडेन्सर झाला, स्विच नवा टाकून झाला. दुकानात गाडी घड्याळासारखी चालायची. हँडल डावीकडं वळवा, उजवीकडं वळवा, हूं की चूं नाही. आणि घरी नेली की पुलापाशी मेली.

"आता न्हाय जमलं तर राहू दे," तात्या खाली बघत म्हणाले. "परवा मागून टेम्पो आला. थोडक्यात वाचलो. तुझ्या द्वारकाकाकूनं भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, सांजच्याला येतोय. मला दुसरी गाडी हाताला येत न्हाय, प्रेमानंद. ही गेली की म्या घरीच."

प्रेमानंदनं पक्कड पुन्हा उचलली. गाडी भंगारात जाणार, म्हातारा वस्तीवर अडकणार, आणि गाव म्हणणार, प्रेमानंदला जमली नाही.

त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पहिलं काम नेहमीचंच. हेडलाइटखाली लिंबू-मिरची लोंबत होती, ती त्यानं अलगद सोडली आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. त्याच्या घरात नजर-बिजर कुणी मानत नव्हतं. त्याच्या आज्यानं छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं सोडलं होतं. पण आई पुतळाबाईनं एक शिकवलं होतं: आपण मानत न्हाय ते आपल्यापाशी, दुसऱ्याचं पायदळी येऊ द्यायचं न्हाय. म्हणून काम संपलं की तो ती लिंबू-मिरची स्वतः परत बांधायचा. दोरा तुटून रस्त्यात पडायला नको म्हणून लोखंडी तारेनं, पकडीनं पीळ देऊन, टोक आत दुमडून. गिऱ्हाइकाला कुणी असं बांधून देतं का? हा देत होता.

दुपारपर्यंत सगळं तपासलं. काही सापडेना. डोक्याची मंडई झाली. लिंबू-मिरची नेहमीसारखी बांधली आणि म्हणाला, "बसा मागं. आज म्याच चालवतो. बघू तुमचा पूल."

पूल आला. त्यानं वेग कमी केला, हँडल डावीकडं पुरतं वळवलं आणि राजदूत गप झाली.

"बघ," तात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात जरा समाधानच होतं.

प्रेमानंदनं हँडल सरळ करून किक मारली. चालू. डावीकडं वळवलं, बंद. सरळ, चालू. तो खाली वाकला. हँडल वळलं की वायरींचा जुडगा ताणून हेडलाइटच्या कमानीला घासत होता, आणि तिथंच लिंबू-मिरचीच्या तारेचं दुमडलेलं टोक स्विचच्या वायरीत घुसत होतं. ती वायर लोखंडाला टेकली की ठिणगी बंद. दुकानात ती तार खिळ्यावर असायची, मग गाडी बंद पडेलच कशाला?

"कुठल्या येड्यानं बांधलीय ही तार?" तात्यांनी विचारलं.

प्रेमानंदला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. "म्याच की," तो म्हणाला.

वस्तीवर द्वारकाकाकू ओसरीवर उभ्याच होत्या. त्यानं काही लपवलं नाही. टेम्पोचंही बोलला. म्हणाला, "काकू, तुमचा दोरा म्याच काढून टाकला. तुमचं देवाचं खाली पडू नये म्हणून तार लावली. त्यापायी तात्या जिवानिशी जात होते."

काकूंनी त्याच्या हातातली तार आणि लिंबू-मिरची बघितली. मग म्हणाल्या, "आरं बाबा, दर आमुशाला ती आमीच तीन वाटांच्या तिकाटण्यावर फेकून देतो. ती पडायसाठीच असती. येवढं बी तुला कुणी सांगितलं न्हाय व्हय?"

कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंही आजवर कुणाला विचारलं नव्हतं.

काकूंनी आत जाऊन काळा दोरा आणला आणि त्याच्या हातात दिला. "बांध. सैल बांध," त्या म्हणाल्या, आणि भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगायला फोन शोधू लागल्या.